नातवंडांबरोबर मत्स्यालयात



सुट्ट्या लागल्या की आपल्या मुलांचे फोन येतात, "आई, दोन दिवस पोरांना सांभाळशील?" आपण हो म्हणतो. मग घरात बसून काय करायचे हा प्रश्न पडतो. बागेत ऊन असते, टेलिफोनवरची चित्रे पाहून त्यांचे डोळे लाल होतात आणि आपण सांगत असलेली गोष्ट अर्ध्यावर सोडून ती उठून जातात. अशा वेळी मत्स्यालय ही फार सोयीची जागा आहे. आत थंडावा असतो, चालणे बेताचे असते आणि माशांबद्दल तर आपल्या कोकणच्या माणसांना काही ना काही सांगता येतेच. तरीही माझ्या ओळखीची बरीच वडीलधारी मंडळी गुडघ्यांचे निमित्त सांगून जायचे टाळतात. मी आणि आमचे हे गेल्या दोन वर्षांत नातवंडांना घेऊन दोनदा गेलो. पहिल्या खेपेला फजिती झाली. तीही सांगणार आहे, कारण ती कळली तर तुमची होणार नाही.

आमच्या लहानपणी मुंबईत मरीन ड्राइव्हवर चर्नी रोड स्टेशनजवळ तारापोरवाला मत्स्यालय होते. १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते ते उघडले, म्हणजे ते आणि मी एकाच वयाचे. शाळेची सहल गेली होती. आम्ही सगळ्या मुली काचेला नाक लावून उभ्या आणि बाई मागून ओरडत आहेत, "काचेला हात लावू नका!" पुढे मीही मास्तरीण झाले, याच देशात तीस वर्षे लहान मुलांना निसर्ग शिकवला आणि तेच वाक्य इव्रीतून असंख्य वेळा ओरडले. काच का वाजवायची नाही, हे मात्र त्या बाईंनी सांगितले नव्हते. पाण्यातून आवाज हवेपेक्षा चौपटीहून अधिक वेगाने जातो आणि माशाला कानांखेरीज अंगाच्या दोन्ही बाजूंना हादरे ओळखणारी एक रेघ असते. आपण बोटाने टकटक केली की ती त्याच्या सबंध अंगाला जाणवते. हे सांगितल्यावर माझ्या नातवाने काचेला बोट लावले नाही, उलट दुसऱ्या मुलांना दटावू लागला.

आपल्या इस्राएलात सार्वजनिक मत्स्यालय येरुशलायीमला आहे, तनाखी प्राणिसंग्रहालयाच्या शेजारी. ते २०१७ साली उघडले. त्याचे वैशिष्ट्य असे की ते जगभरचे मासे गोळा करून दाखवण्यापेक्षा आपल्या देशाच्या चार पाण्यांवर भर देते: भूमध्य समुद्र, तांबडा समुद्र, किनेरेत आणि मृत समुद्र. त्यामुळे मुलांना सांगायला सोपे जाते. भूमध्य म्हणजे आपण उन्हाळ्यात अश्दोदला जातो तो, तांबडा म्हणजे एलातचा.

समुद्रापासून दूर डोंगरावर मत्स्यालय म्हटल्यावर नातवाने पहिला प्रश्न विचारला, "सावता, इथे समुद्र कुठून आणला?" प्रश्न चांगला होता. समुद्रापासून लांबच्या मत्स्यालयांत गोड्या पाण्यात क्षार मोजून मिसळतात आणि समुद्राचे पाणी तयार करतात. महासागराच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. आपल्या बाजूचा भूमध्य समुद्र थोडा अधिक खारट, सुमारे ३९ ग्रॅम, आणि एलातचा ४० च्या वर. मृत समुद्रात मात्र वजनाने जवळजवळ एक तृतीयांश क्षारच असतात. म्हणून त्यात मासा जगत नाही आणि माणूस बुडता बुडत नाही.

हे आकडे मुलांच्या डोक्यावरून जातात. त्यासाठी जाण्याच्या आदल्या संध्याकाळी स्वयंपाकघरात एक खेळ करावा. तीन पेले घ्या. एकात नळाचे पाणी, हा किनेरेत. दुसऱ्यात पेलाभर पाण्याला दोन सपाट चहाचे चमचे मीठ, हा भूमध्य. तिसऱ्यात मीठ विरघळेनासे होईपर्यंत घालत राहा, हा मृत समुद्र. ताजे अंडे पहिल्या दोन्ही पेल्यांत तळाला जाते. तिसऱ्यात ते बुचासारखे वर तरंगते. आमच्या चार वर्षांच्या नातीने अंडे या पेल्यातून त्या पेल्यात इतक्या वेळा घातले की शेवटी फुटलेच. पण दुसऱ्या दिवशी मत्स्यालयात मृत समुद्राचे नाव निघताच ती ओरडली, "बेत्सा! बेत्सा!" आजूबाजूचे लोक बघत राहिले.

आता मासे. किनेरेतचा अमनून आपण सगळ्यांनी खाल्लेला आहे. बाजारात त्याला मुश्तही म्हणतात. हा मासा पिल्ले तोंडात सांभाळतो. अंडी घातली की तोंडात घेतो आणि पिल्ले फिरती झाली तरी धोका वाटला की ती परत आईबापांच्या तोंडात शिरतात. गलीलच्या अमनूनमध्ये हे काम नर आणि मादी दोघेही करतात. नातीला हे फार आवडले. तिने आजोबांना विचारले, "तू मला तोंडात ठेवशील?" ते म्हणाले, "तू चावशील."

किनेरेतमध्येच सफामनून आहे, आपल्याकडच्या मांगुराच्या कुळातला. सफाम म्हणजे मिशा आणि नून म्हणजे अरामी भाषेत मासा. मिशीवाला मासा. येहोशुआ बिन नून याच्या बापाचे नावही मासाच, हे ऐकून नातू हसून हसून लोळला. त्याची गुरुजींनी ही गंमत कशी सांगितली नाही याचे त्याला नवल वाटले. मी त्याला आणखी एक सांगितले की इव्रीत मासा म्हणजे दाग आणि मराठीत दाग म्हणजे कपड्यावरचा डाग. तेव्हापासून सदऱ्यावर काही सांडले की तो म्हणतो, "सावता, मासा पडला."

आपल्या समाजाने मुलांना मत्स्यालय दाखवावे याला माझ्या मते एक खास कारण आहे. दावीद रहाबी यांची कथा आपण पिढ्यानपिढ्या ऐकत आलो. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले, सात पुरुष आणि सात बाया वाचल्या, त्यांची संतती कोकणात तेल गाळून राहिली, पोथ्या बुडाल्या, भाषा विसरली. मग रहाबी आले. हे लोक खरोखर इस्राएल आहेत का, हे पाहण्यासाठी त्यांनी बायांना निरनिराळे मासे रांधायला दिले. बायांनी पर आणि खवले असलेले मासे वेगळे काढले आणि बाकीचे बाजूला सारले. रहाबी कोण, कोणत्या शतकातले, यावर विद्वानांचे वाद आहेत, ते त्यांनी घालावेत. पण आपली ओळख एखाद्या पुस्तकाने पटली नाही, माशांच्या टोपलीवर बसलेल्या बायांनी पटवली, ही गोष्ट मुलांना माहीत हवी. आणि ती सांगायला काचेपलीकडे पोहणाऱ्या माशांसारखे साधन दुसरे नाही.

मी नातवंडांना ही कथा एका बाकावर बसून सांगितली आणि मग खेळ सुरू केला: कशेर की नाही? प्रत्येक टाकीपुढे उभे राहायचे, सनपीर दिसते का पाहायचे, कसकेसेत दिसतात का पाहायचे. पर तर बहुतेक सगळ्यांना असतात, खरी परीक्षा खवल्यांची. नियम असा की खवले असलेल्या माशाला पर असतातच, पर असलेल्याला खवले असतीलच असे नाही. दनीस आणि लवराक यांचे खवले काचेतूनही चकाकतात. मोरेना ही आपल्या वामेसारखी लांबलचक, तिचे अंग गुळगुळीत, खवला एकही नाही. पाकट जमिनीवर चटई टाकावी तसा पडलेला, तोही बाद.

मग आली मुशी. शार्कपुढे सगळी मुले गप्प होतात, माझीही झाली. नातू म्हणाला, "हिला पर आहेत, आणि गाननेतने सांगितले होते की शार्कला खवलेही असतात. मग कशेर का नाही?" गानमधली गोष्ट त्याने कीता बेतपर्यंत लक्षात ठेवली होती. अशा प्रश्नासाठीच मास्तर जगतो. मुशीच्या अंगावर जे असते ते खवले नव्हेत, दातांसारखे बारीक काटे असतात, कातडीत रुतलेले. शेपटीकडून डोक्याकडे हात फिरवला तर पॉलिशकागदासारखी ती खरखरते. आपल्या धर्मात खवला म्हणजे कातडी न फाटता निघून येणारा. मुशीचा काटा तसा निघत नाही. शिवाय तिला हाड नाही, सगळा सांगाडा कूर्चेचा, आपल्या कानासारखा. हे सांगताच दोघेही आपापले कान पिरगाळून पाहू लागले. नातवाचा पुढचा दात हलत होता. मुशीचे दात आयुष्यभर पडत आणि नवे येत राहतात, मागे रांगा तयारच असतात, हे कळल्यावर त्याची दाताची भीती गेली.

काचेच्या बोगद्यात डोक्यावरून मासे जातात तेव्हा मोठी माणसेही तोंड वर करून चालतात आणि एकमेकांवर आपटतात. तिथे कडेला उभे राहावे. ही खरी काच नसते. ॲक्रिलिकचा जाड पत्रा असतो, तो वाकवता येतो आणि काचेसारखा तडकत नाही. टाकी किती मोठी यापेक्षा ती किती खोल यावर पाण्याचा दाब ठरतो. दहा मीटर खोलीला एका वातावरणाइतका दाब वाढतो. आणखी एक गंमत मुलांना दाखवा. सपाट काचेतून मासा आहे त्यापेक्षा जवळ आणि मोठा दिसतो, बोगद्याच्या गोल भिंतीतून तो लहान दिसतो. तोच मासा दोन्हीकडून पाहा आणि मुलांना अंदाज करायला सांगा. काचेच्या पेल्यात चमचा उभा ठेवला की मोडल्यासारखा दिसतो, त्याच कुळातली ही गोष्ट.

"मासे शी कुठे करतात?" हा प्रश्न येणारच. लाजू नये. पाण्यातच करतात. त्यातून अमोनिया तयार होतो, तो माशांना विष आहे. गाळणीच्या खोलीत असंख्य सूक्ष्म जंतू असतात. एका जातीचे जंतू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे त्याचे नायट्रेट करतात, जे पुष्कळ कमी घातक असते. नवी टाकी भरली की हे झाडूवाले जंतू पुरेसे वाढेपर्यंत आठवडेच्या आठवडे थांबावे लागते. घरी काचेच्या भांड्यात आणलेले सोनेरी मासे चार दिवसांत का मरतात, याचे उत्तर पुष्कळदा इथेच आहे.

आता एक विषय, जो मी मुलांपेक्षा स्वतःसाठी अधिक पाहिला. १८६९ साली सुएझचा कालवा उघडला आणि तांबड्या समुद्रातले, म्हणजे पर्यायाने आपल्या हिंदी महासागराच्या बाजूचे जीव भूमध्य समुद्रात येऊ लागले. शेकडो जाती आल्या. सिकान आला, त्याच्या काट्यांना विष असते, तो खडकावरचे शेवाळ फस्त करतो. झहरोन आला, पिसारा फुलवलेला आणि विषारी काट्यांचा. फुगणारा अबू-नफखा आला, तो तर खाल्ला तर जिवावर बेततो, कोळ्याने फुकट दिला तरी घेऊ नका. आणि उन्हाळ्यात ज्या मेदुझा आपल्या किनाऱ्यावर येऊन सर्वांना चावतात, ती भटकी जातही तिकडचीच. ती इथे १९७० च्या दशकात दिसू लागली. मी १९७१ साली आले. आमचे हे म्हणाले, "तुझ्याच बोटीने आली असणार." शास्त्रज्ञ या पाहुण्यांवर खूश नाहीत, कारण जुन्या माशांची जागा जाते, आणि त्यांचे म्हणणे खरे आहे. तरीपण त्या टाकीपुढे मी जरा जास्त वेळ उभी राहिले हे कबूल करते.

आणि तिथेच फजिती झाली. मी सिकान पाहत होते, हे बाकावर बसले होते, नातू माझ्याजवळ होता. मला वाटले नात आजोबांजवळ आहे. त्यांना वाटले माझ्याजवळ आहे. पाच मिनिटांनी मी वळून पाहते तो ती कुठेच नाही.

मत्स्यालयातली दालने मुद्दाम अंधारी ठेवलेली असतात, कारण बाहेर उजेड असला तर काचेत मासे दिसण्याऐवजी आपलेच तोंड दिसते. त्या अंधारात चार वर्षांचे निळ्या कपड्यातले पोर शोधणे म्हणजे काय, हे मी सांगत नाही. हाका मारल्या, त्या गर्दीत विरून गेल्या. माझी माझ्या मुलीला फोन करण्याची हिंमत होईना. सात-आठ मिनिटे गेली असतील. मग नातवानेच पाहिले. एका गानची मुले दोरी धरून रांगेने चालली होती, सगळ्यांच्या डोक्याला पिवळ्या टोप्या, आणि शेवटी बिनटोपीची आमची बया, दोरी घट्ट धरून, अगदी शिस्तीत. त्या गाननेतने तिला मोजताना पकडलेच होते आणि ती कोणाची हे विचारत होती. नातीला आपण हरवलो होतो याची कल्पनाच नव्हती. तिला आपल्याला ओढून नेले याचा राग आला, कारण त्या मुलांना नंतर बिस्किटे मिळणार होती.

घरी काही सांगायचे नाही असे आम्ही दोघांनी ठरवले. नातवाने दाराशीच सांगितले. मुलगी रागावली नाही, ते मला जास्त लागले. ती शांतपणे म्हणाली, "आई, यापुढे मी बरोबर असल्याशिवाय नको." तीस वर्षे मी चाळीस-चाळीस मुलांच्या सहली नेल्या, एकही हरवू दिले नाही. त्या रात्री झोप आली नाही.

म्हणून आता अनुभवाचे बोल सांगते. दोन मुले असतील तर प्रत्येक मूल एकेका मोठ्या माणसाच्या नावे करून द्यावे आणि ते मोठ्याने बोलून दाखवावे: "ही तुमची, हा माझा." बाकावर बसताना, प्रसाधनगृहात जाताना मूल सोपवायचे ते तोंडाने सांगून सोपवावे, नजरेने नाही. कपडे भडक रंगाचे घालावेत. मुलाच्या मनगटावर पेनने फोन नंबर लिहावा, तुमचा नव्हे, त्याच्या आईचा, कारण घाबरलेल्या म्हाताऱ्या माणसाला पिशवीतला फोन सापडत नाही. आत शिरताच दोन-तीन मिनिटे उभे राहावे, आपल्या वयाच्या डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वेळ लागतो आणि पायऱ्या दिसत नाहीत. सगळे पाहायचा हट्ट नको. लहान मूल तासा-दीड तासाने कंटाळते आणि आपणही. चार टाक्यांपुढे बसून पाहिलेले चाळीस टाक्यांपुढून धावण्यापेक्षा बरे. सकाळी लवकर जावे, सुट्टीत गर्दी फार होते. फोटो काढायचे तर फ्लॅश नको, माशांना पापण्या नसतात. खाणे बाहेर येऊन खावे, आणि ते आधीच जाहीर करावे, नाहीतर मुले दुसऱ्याच्या बिस्किटामागे जातात हे मी सांगितलेच.

एलातला राहणाऱ्या वाचकांना हे सगळे वाचून हसू येईल. त्यांच्याकडे समुद्राच्या आतच बांधलेला मनोरा आहे, १९७० च्या दशकातला. पुलावरून चालत जायचे, गोल जिन्याने पाण्याखाली उतरायचे आणि खिडकीतून प्रवाळ पाहायचे. तिथे मासे मोकळे आणि माणसे कोंडलेली. फार सुंदर जागा आहे. पण तो जिना गुडघ्यांना विचारूनच उतरावा.

दुसऱ्या खेपेला मुलगी बरोबर आली. ती या देशात जन्मलेली, तिला मराठी समजते पण बोलताना अडखळते. मी तिला काही बोलले नाही, नातवंडांनाच पुढे जाऊ दिले. नातू आईला हात धरून टाकीपुढे नेई आणि विचारी, "कशेर की नाही?" ती चुकली की दोघे नाचत. घोडामाशापुढे त्याने तिला सांगितले की इथे बाप पोटाच्या पिशवीत पिल्ले वाढवतो. शोशनोनपुढे सांगितले की घरातली सर्वांत मोठी ती आई, आणि ती गेली तर बापच आई होतो. मुशीपुढे आल्यावर त्याने इव्रीतले नाव न घेता म्हटले, "ईमा, ही मुशी." माझ्या मुलीने तो शब्द माझ्या आईच्या तोंडून लहानपणी ऐकला होता. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "आणि ते चपटे, पा... पा..." मी म्हटले, "पाकट."

त्या आठवड्यात मी शब्बातसाठी अख्खा कार्पियोन आणला, दुकानदाराला साफ करू दिला नाही. हा आपल्या रोहूचा भाऊबंद, खवले मोठे. ओट्यावर जुने वर्तमानपत्र पसरून खवले काढायला बसले तो मुलीचा फोन आला, मुलांना आणून सोडते, संध्याकाळी घेऊन जाते, मला काम आहे. बरोबर थांबण्याचे ती बोलली नाही. मुले आली. खवला धुऊन उजेडापुढे धरला की झाडाच्या बुंध्यासारखी वलये दिसतात, त्यावरून माशाचे वय काढतात. नातवाला आजोबांचे भिंग दिले. नात माझ्या मनगटाला चिकटलेले खवले एकेक करून काढत होती आणि बशीत मांडून ठेवत होती.